‘कोई शक?’ विचारूनही शंका का कळत नाहीत



मागच्या भागानंतर एका श्रोत्यांनी प्रश्न पाठवला. ते मराठी गृहस्थ हैदराबादला एका कंपनीत विभागप्रमुख आहेत. हाताखाली तेलुगू, ओडिया, बंगाली, मल्याळी अशी तीसेक माणसं. ते लिहितात, ‘माझ्या टीममध्ये अख्खा भारत आहे. वेगवेगळी माणसं एकत्र आली की नव्या कल्पना येतात, असं सगळीकडे वाचतो. मग माझ्या मीटिंगमध्ये कोणी तोंड का उघडत नाही?’

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्यापैकी बरेच जण बृहन्महाराष्ट्रातले. कोणी इंदूरला, कोणी बडोद्याला, कोणी माझ्यासारखे बेंगळुरूला स्थिरावलेले. परक्या भाषेच्या माणसांबरोबर काम करणं आपल्याला नवं नाही. पण नुसतं बरोबर काम करणं आणि त्या माणसाच्या डोक्यातलं कामाला लावणं, यात फार अंतर आहे. ते अंतर मला तरुणपणी एका कोसळलेल्या भिंतीने दाखवलं, आणि त्याची किंमत माझ्या एका जवानाने मोजली. म्हणून आधी ती गोष्ट.

भिंत तीनदा पडली

साल १९८४. उत्तर सिक्कीम. मी लेफ्टनंट होतो, जेमतेम दोन वर्षांची नोकरी. कंपनी इंजिनीअर्सची, जवान दक्षिणेचे: तमिळ, मल्याळी, कन्नड, तेलुगू. एका चौकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोंगराच्या बाजूने दगडी भिंत बांधायची होती, दरड रस्त्यावर येऊ नये म्हणून.

पावसाळ्यात ती भिंत पडली. मी जास्त जाड बांधायला सांगितली. पुन्हा पडली. मी आणखी जाड करायला सांगितली. रोज सकाळी काम समजावून झालं की मी फौजेच्या रिवाजाप्रमाणे विचारायचो, ‘कोई शक?’ आणि सगळी कंपनी एका आवाजात म्हणायची, ‘नो सर!’ मला त्या आवाजाचा अभिमान वाटायचा.

तिसऱ्यांदा भिंत पडली तेव्हा तिच्या पायथ्याशी एक जवान काम करत होता. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. हाड जुळलं, पण तो पुढे कायम खालच्या वैद्यकीय श्रेणीत राहिला. चांगला फुटबॉल खेळायचा तो.

त्या रात्री बुखारीपाशी मी आणि सुभेदार साहेब बसलो होतो. त्यांची नोकरी माझ्या वयाएवढी. बराच वेळ गप्प राहून त्यांनी सांगितलं, की कंपनीतला एक शिपाई, निलगिरीतल्या चहामळ्याकडचा, पहिल्या पडझडीनंतरच बोलला होता. वर झाडीत एक झरा आहे, त्याचं पाणी मातीत मुरून भिंतीला मागून ढकलतंय. भिंतीच्या वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूला वळवलं तर साधी भिंतही टिकेल. त्यांच्या मळ्यात असंच करतात. हे तो तमिळमध्ये हवालदाराला म्हणाला. हवालदार सुभेदारांना म्हणाला. आणि तिथे ते थांबलं.

मी विचारलं, ‘साहेब, मला का नाही सांगितलंत?’

ते म्हणाले, ‘साब, आपने पूछा नहीं. आपने बताया.’

मी तर रोज विचारत होतो! पण त्या शिपायाच्या कानाने ऐकून बघा. साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर निर्णय दिला आहे. आता ‘शक’ आहे म्हणायचं, म्हणजे साहेबांच्या अकलेवर शंका घ्यायची. तीही चारचौघांत, आणि तीही हिंदीत, जी त्याला धड येत नव्हती. ज्या घरात तो वाढला तिथे वडीलधाऱ्यांसमोर असं बोलणं म्हणजे उद्धटपणा. तो मला मान देत होता. मी त्या मानालाच सहमती समजत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच शिपायाला पुढे घालून आम्ही वर चढलो, झरा पाहिला, चर खणला. भिंत उभी राहिली. उपाय पहिल्या दिवसापासून माझ्याच कंपनीत होता. माझ्यापर्यंत येणारी वाट बंद होती, आणि ती मीच बंद केली होती.

या जाणेला आता नाव आहे

ज्या गोष्टीत मी तेव्हा नापास झालो तिला आज ‘सांस्कृतिक बुद्धिमत्ता’ म्हणतात. क्रिस्टोफर अर्ली आणि सिंगापूरच्या सून आंग या दोन संशोधकांनी २००३ साली याच नावाचं पुस्तक लिहून ही कल्पना मांडली. आपल्यापेक्षा वेगळ्या रीतिभातीत वाढलेल्या माणसांबरोबर नीट काम करता येण्याची क्षमता, हा तिचा साधा अर्थ. पुढे ती मोजण्यासाठी वीस विधानांची एक प्रश्नावलीही तयार झाली. अभ्यासक तिचे चार भाग करतात. मी ते फौजेच्या उदाहरणांनी सांगतो.

पहिला भाग इच्छेचा. समोरचा माणूस समजून घ्यावा असं मुळात वाटतं का? गुरखा पलटणीत नेमणूक झालेला अधिकारी, मग तो केरळचा असो की पंजाबचा, त्याला नेपाळी शिकावीच लागते. सुरुवातीला नियम म्हणून शिकतो. पण जो मनापासून शिकतो त्याला जवान वर्षभरात आपला मानतात.

दुसरा भाग माहितीचा. कोणाचे सण कोणते, जेवण काय, घरात कोणाचा शब्द चालतो, नकार कसा देतात. आपल्या पलटणींत सर्वधर्मस्थळ असतं, तिथे सगळ्या धर्मांचे सण सगळे जण मिळून साजरे करतात, अधिकारी सुद्धा. ही माहिती तिथे आपोआप होते.

तिसरा भाग स्वतःच्या समजुतीवर लक्ष ठेवण्याचा. हा सगळ्यांत अवघड. ‘मी याच्या गप्प बसण्याचा जो अर्थ लावतोय तो बरोबर आहे का?’ असं स्वतःला विचारणं. सिक्कीममध्ये मी नेमका इथेच चुकलो. इच्छा होती, थोडी माहितीही होती. पण ‘नो सर’ या दोन शब्दांचा अर्थ तपासून बघावा, हे मला एकदाही सुचलं नाही.

चौथा भाग वागण्याचा. कळलं ते अंगात उतरलं पाहिजे. आवाज, शब्द, बसण्याची जागा, विचारण्याची पद्धत, हे माणूस पाहून बदलता आलं पाहिजे.

वेगळेपणापासून नव्या कल्पनेपर्यंत

आता मूळ मुद्दा. याचा नव्या कल्पनांशी काय संबंध?

नवी कल्पना बहुतेक वेळा आकाशातून पडत नाही. एका ठिकाणचं ज्ञान दुसऱ्या ठिकाणच्या अडचणीला जोडलं की ती तयार होते. चहामळ्यातला चर सिक्कीमच्या रस्त्याला जोडला गेला, तशी. म्हणून वेगवेगळ्या मुलखांतली माणसं एकत्र असली की कच्चा माल भरपूर असतो, हे खरंच आहे.

पण माणसं जितकी वेगळी तितके गैरसमजही जास्त. भाषा अडते. कोणाची थट्टा कोणाला लागते. मग माणूस सुरक्षित वाट धरतो: आपल्या भाषेच्या माणसांत बोलायचं आणि साहेबांसमोर मान हलवायची. वेगळेपण तसंच राहतं, जोडणी होत नाही. हैदराबादच्या आपल्या श्रोत्यांच्या मीटिंगमध्ये बहुधा हेच होत असावं.

इथे आणखी दोन संशोधकांचं काम उपयोगी पडतं. डच संशोधक खेर्त हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांची उत्तरं तपासली आणि वरिष्ठ-कनिष्ठ यांच्यातलं अंतर माणसं किती सहज स्वीकारतात त्याचा एक निर्देशांक काढला. त्यात भारताचा आकडा ७७ आहे, डेन्मार्कचा १८. भारत म्हणजे एकच संस्कृती नव्हे, त्यामुळे हा आकडा प्रत्येकाला चिकटवू नका. पण आपल्याकडे खालचा माणूस वरच्याला आपणहून दुरुस्त करत नाही, हे तुम्ही-मी रोज पाहतो.

दुसऱ्या अमेरिकेतल्या एमी एडमंडसन. इस्पितळांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करताना त्यांना एक उलटीच गोष्ट दिसली. ज्या टीम चांगल्या, त्यांच्याच नावावर चुका जास्त नोंदलेल्या! कारण तिथे माणसं चूक लपवत नव्हती, बोलत होती. पुढे १९९९ साली त्यांनी मांडलं, की ‘इथे बोललो तर माझा अपमान होणार नाही’ असा भरवसा ज्या टीममध्ये असतो, ती टीम शिकते.

हे सगळं एकत्र ठेवलं की साखळी दिसते. वरिष्ठाला समोरच्याची रीत कळते. त्यामुळे तो विचारण्याची पद्धत बदलतो. त्यामुळे भरवसा तयार होतो. भरवसा असला की माणूस अर्धीकच्ची कल्पनाही बोलून दाखवतो. आणि ती दुसऱ्याच्या ज्ञानाला जोडली जाते. सांस्कृतिक बुद्धिमत्ता स्वतः काही शोध लावत नाही. ज्याला सुचलं आहे त्याच्यासाठी ती वाट मोकळी करते.

जयपूरचे डॉक्टर आणि मास्टरजी

तुम्ही म्हणाल, फौजेचं आणि परदेशी संशोधनाचं झालं, आपल्याकडचं मोठं उदाहरण द्या. देतो. जयपूर फूट.

१९६०च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिरोग विभाग सांभाळत होते. एडिनबरोहून एफआरसीएस झालेले. पाय गमावलेल्यांना त्या वेळी पाश्चात्त्य पद्धतीचा कृत्रिम पाय मिळायचा. तो पाय बुटात घालण्यासाठी बनवलेला. आता आपला शेतकरी बूट घालून चिखलात उतरणार का? देवळात जाणार का? मांडी घालून जेवायला, उकिडवं बसायला त्या पायाने जमायचं नाही. त्यामुळे माणसं तो पाय घरी नेऊन कोपऱ्यात ठेवायची.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शाळा जेमतेम झालेली, पण हात सोन्याचे. डॉक्टरांना शरीरशास्त्र येत होतं. मास्टरजींना साहित्य आणि घडण येत होती, शिवाय साधा माणूस कसा बसतो, कसा चालतो हेही. टायर रिट्रेड करणाऱ्याकडे जाऊन व्हल्कनाइज्ड रबराचा पाय करून बघायचा, हा मार्ग याच मेळातून निघाला. १९६८ च्या सुमारास जो पाय तयार झाला तो अनवाणी चालायला, पाण्यात उतरायला, उकिडवं बसायला चालणारा होता, आणि स्वस्तही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो देशभर आणि परदेशातही पोचवला. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मंडळी, हे दोघेही राजस्थानातच काम करणारे. तरी मी ही गोष्ट इथे का सांगतोय? कारण संस्कृतीचं अंतर फक्त प्रांताचं नसतं. एफआरसीएस सर्जन आणि चार इयत्ता शिकलेला कारागीर यांच्यातलं अंतर तमिळ आणि मराठीपेक्षा मोठं असू शकतं. सर्जनने कारागिराला ‘सांगितलं तेवढं कर’ म्हटलं असतं, तर बुटातला पाय बुटातच राहिला असता.

ओडिशाचा एक मुलगा

निवृत्तीनंतर काही वर्षं मी एका कारखान्यात प्रशिक्षण आणि सुरक्षेचा सल्लागार होतो. नाव सांगत नाही, तसे कारखाने शेकड्यांनी आहेत. कामगार ओडिशा, झारखंड, आसामचे. सुपरवायझर स्थानिक. व्यवस्थापक इंग्रजी बोलणारे. दाराशी सूचनापेटी होती, कुलूप लावलेली, फॉर्म इंग्रजीत. मी गेलो तेव्हा पेटीत दोन गुटख्याच्या पुड्या निघाल्या. एक व्यवस्थापक म्हणाले, ‘सर, या लोकांना कल्पना वगैरे नसतात. त्यांना फक्त ओव्हरटाइम हवा असतो.’

त्या कारखान्यात रंगवलेल्या भागांवर ओरखडे पडून बराच माल परत यायचा. पश्चिम ओडिशातला एक कंत्राटी मुलगा होता, विशीतला. त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून आपल्या ट्रेच्या कडांना बांधले होते. त्याच्या ट्रेमधले भाग घासत नव्हते. सुपरवायझर आला की तो ते तुकडे सोडून खिशात घालायचा, कारण ट्रेमध्ये बदल करणं नियमात बसत नव्हतं. एक दिवस पकडला गेला आणि अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली.

हे मला कळलं तोवर उशीर झाला होता. त्याने नुआखाईसाठी सुट्टी मागितली होती. नुआखाई म्हणजे पश्चिम ओडिशातला नव्या भाताचा सण. आपल्याकडे ऋषिपंचमी असते, त्याच तिथीला येतो. घरातला प्रत्येक जण त्या दिवशी गावी पोचायची धडपड करतो, जशी आपली कोकणातली माणसं गणपतीला करतात. कारखान्याच्या सुट्ट्यांच्या यादीत हे नाव नव्हतं. सुपरवायझरने हा शब्दच ऐकला नव्हता, त्याला ते कामचुकारपणाचं निमित्त वाटलं. सुट्टी नाकारली. मुलगा गेला तो परत आलाच नाही.

ट्यूबचे तुकडे मी त्याच्या ट्रेच्या खालच्या फळीवर सापडले ते व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवले. म्हटलं, ‘ही बघा सूचना. तुमच्या पेटीत नव्हती, एवढंच.’ मग त्यांनी सगळ्या ट्रेंना रबरी पट्ट्या बसवल्या, आणि ओरखड्यांची तक्रार बरीच कमी झाली. त्या मुलाचा पत्ता मात्र कंत्राटदारालाही सांगता आला नाही. कापलेली मजुरी त्याला परत देता आली नाही, शाबासकी तर दूरच.

उद्यापासून काय करता येईल

हैदराबादच्या आपल्या श्रोत्यांसाठी, आणि तुम्हा सर्वांसाठी, मला उपयोगी पडलेल्या पाच गोष्टी सांगतो.

एक. आपलं मत शेवटी सांगा. फौजी कोर्ट-मार्शलमध्ये मत देताना सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून सुरुवात होते, म्हणजे वरिष्ठाचं मत ऐकून कोणी आपलं मत बदलू नये. मीटिंगमध्येही साहेब आधी बोलले की बाकीच्यांना उरतं फक्त ‘हो सर’.

दोन. ‘समजलं का?’ विचारू नका. या प्रश्नाला आपल्या देशात ‘हो’ हे एकच उत्तर आहे. त्याऐवजी ‘तुझ्या गावी हे कसं करतात?’, ‘यात कुठे अडेल असं वाटतं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नात माणसाची परीक्षा असते, दुसऱ्यात त्याला मान असतो. सिक्कीमनंतर मी थोडं तमिळ शिकलो. मोडकंतोडकंच. माझी तमिळ ऐकून जवान हसायचे. साहेबही चुकतो आणि त्याला हसता येतं, हे कळल्यावर त्यांची जीभ सैल झाली.

तीन. एकट्याला चारचौघांत उभं करू नका. दोघा-तिघांना त्यांच्या भाषेत आपसांत बोलू द्या, आणि मग एकाने सर्वांतर्फे सांगावं. कल्पना गटाची झाली की उद्धटपणाचा दोष कोणा एकावर येत नाही.

चार. मधला माणूस सांभाळा. माझा हवालदार आणि सुभेदार साहेब, कारखान्यातला सुपरवायझर, सगळ्या गोष्टी तिथे अडतात किंवा तिथून सुटतात. खालून आलेली सूचना वर पोचवणाऱ्याचंही नाव घ्या. नाहीतर त्याला त्यात धोकाच दिसेल.

पाच. सुट्ट्यांची यादी पुन्हा तयार करा. टीममधल्या प्रत्येकाला वर्षातला एक दिवस विचारा, ज्या दिवशी त्याला घरी असावंच लागतं. पैसा लागत नाही, आणि माणूस तुमच्याबद्दल काय समजायचं ते समजतो.

दोन इशारे

पहिला. माहितीचे साचे बनवू नका. ‘तमिळ माणूस असा, बिहारी तसा’ असं एकदा ठरवून टाकलं की सांस्कृतिक बुद्धिमत्ता संपली. निलगिरीच्या त्या शिपायाला पाण्याचं कळत होतं ते तो तमिळ होता म्हणून नव्हे, तो मळ्यात वाढला होता म्हणून. माणसाला विचारा, त्याच्या राज्याला नको.

दुसरा. हा रामबाण नव्हे. या विषयावरचे बरेचसे अभ्यास प्रश्नावली भरून घेऊन केलेले असतात. त्यातून या दोन गोष्टी बरोबर चालतात असं दिसतं, पण कशामुळे काय झालं हे प्रत्येक वेळी सिद्ध होत नाही. शिवाय नुसतं ऐकून घेतलं आणि पुढे काहीच केलं नाही, तर माणूस दुसऱ्यांदा बोलणार नाही. सूचना मान्य नसेल तर का नाही, ते त्याला जाऊन सांगा. तेवढंही बहुतेक ठिकाणी होत नाही.

तर साहेब, हैदराबादचे आमचे मित्र, तुमची माणसं गप्प आहेत म्हणजे त्यांच्याकडे काही नाही असं समजू नका. पुढच्या मीटिंगमध्ये सर्वांत नवा माणूस आधी बोलू दे. तुम्ही वहीत लिहून घ्या, आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका. पहिल्या दिवशी कदाचित कोणीच बोलणार नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी झऱ्याबद्दल सांगेल.

मला तो झरा कळायला एका जवानाचा पाय मोडावा लागला. तुम्हाला तेवढी किंमत पडू नये, म्हणून हे सांगितलं.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.